माशाच्या पोटातला दिवा

छताला दोरीने टांगलेला एक मासा. अंग फुगून गोल झालेलं, काटे चहूबाजूंनी ताठ, तोंड किंचित उघडं. पोटात विजेचा दिवा, आणि वाळून पातळ झालेल्या कातडीतून बाहेर येणारा पिवळसर उजेड. खाली बांबूची टेबलं, वर झावळ्यांचं किंवा चटईचं छत, भिंतीवर मासेमारीचं जाळं, कोपऱ्यात डोळे वटारलेली लाकडी मूर्ती. अमेरिकेत ज्याला टिकी बार म्हणतात तिथलं हे ओळखीचं दृश्य आहे. लॉस एंजलिस असो, फ्लोरिडा असो किंवा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेलं शिकागो, हा मासा तिथे दक्षिण समुद्रातल्या बेटांची आठवण म्हणून लटकत असतो. ज्यांनी ती बेटं कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठीही तो आठवणच असतो, आणि माझ्या कुतूहलाची सुरुवात इथे झाली.

समई पाहून तिचा घाट कुठला हे जाणता कासार सांगू शकतो. या दिव्याचा घाट असा कुणी सांगू शकत नाही. त्याचा कर्ता कुणी नाही, पेटंट नाही, पहिल्या दिव्याची तारीख नाही. बारची सजावट ही वस्तू अशीच असते: एकाने काहीतरी टांगलं, दुसऱ्याला आवडलं, तिसऱ्याने तसंच मागवलं. मग गिऱ्हाइकाने विचारलं की हे कुठून आलं, तेव्हा उत्तर द्यावं लागलं. बेटावरच्या राजाने भेट दिला, वादळातून वाचलेल्या कप्तानाने आणला, नरभक्षकांच्या झोपडीतला आहे. दिवा आधी आणि त्याची जन्मकथा नंतर, असा हा उलटा क्रम आहे.

या पुस्तकातल्या सगळ्या कथा त्या उलट्या क्रमातून जन्मल्या आहेत. प्रत्येक कथा पहिल्या दिव्याचं वेगळं मूळ सांगते, आणि प्रत्येक मूळ कल्पित आहे. या प्रस्तावनेत मात्र मी कल्पनेला थारा देणार नाही. कथांच्या पायाखाली जो खरा इतिहास आहे तो वाचकाच्या हाती आधी असावा असं मला वाटतं. कारण हा खरा इतिहास कुठल्याही बनावट दंतकथेपेक्षा चकित करणारा आहे, आणि त्यात ज्यांचं श्रेय बुडालं अशी माणसं आहेत.

सुरुवात हॉलिवूडपासून करावी लागते, बेटांपासून नाही. ५ डिसेंबर १९३३ रोजी अमेरिकेतली दारूबंदी उठली. तेरा वर्षं कोरडी गेलेली, त्यात मंदीने पिचलेली माणसं. त्या सुमारास अर्नेस्ट रेमंड ब्यूमाँट गँट नावाच्या एका भटक्या तरुणाने हॉलिवूडमध्ये एक चिमुकला बार उघडला. त्याने पॅसिफिक आणि कॅरिबियन भागात पुष्कळ प्रवास केला होता, आणि किनाऱ्यांवरून गोळा केलेलं बरंच सामान त्याच्याकडे होतं: वाहून आलेली लाकडं, जाळी, दोर, काचेचे गोळे. तेच सामान त्याने भिंतींवर लावलं. बारचं नाव ठेवलं डॉन्स बीचकोंबर, आणि पुढे स्वतःचं नावही कायदेशीररीत्या बदलून डॉन बीच असं करून घेतलं. आधी बार, मग त्या बारला शोभेल असा माणूस! १९३७ मध्ये रस्त्याच्या पलीकडे मोठी जागा घेऊन डॉन द बीचकोंबर हे उपाहारगृह सुरू झालं. तिथे पत्र्याच्या छतावर नळीने पाणी सोडत असत, असं सांगतात. बाहेर पाऊस कोसळतोय असं वाटून गिऱ्हाईक उठायचं थांबे आणि आणखी एक पेला मागवी.

त्याच सुमारास, सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजारी ओकलंडमध्ये, व्हिक्टर बर्जरॉन नावाच्या लाकडी पायाच्या माणसाने १९३४ साली हिंकी डिंक्स नावाचा बार काढला होता. डॉनचा बार पाहून आल्यावर त्यानेही रूप पालटलं आणि तो ट्रेडर व्हिक झाला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जगभर जे शेकडो बार निघाले त्यांचे पूर्वज हे दोन.

आता त्या पहिल्या बारमधली एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली तर काय दिसतं? पेल्यातली रम कॅरिबियनमधली, जमैका आणि पोर्टो रिकोची. पॉलिनेशियाशी तिचा परंपरेने काहीही संबंध नाही. दारूबंदी उठल्यावर व्हिस्की महाग होती आणि रम स्वस्त, म्हणून रम आली. ताटातलं जेवण बहुतांशी कॅन्टनी वळणाचं, स्वयंपाकघरातले आचारी चिनी. पुढे ट्रेडर व्हिकने चीज आणि खेकडा भरून तळलेल्या घडीला चक्क रंगूनचं नाव दिलं. जाळ्यातले हिरवट काचेचे गोळे मूळ नॉर्वेच्या कल्पनेचे: १८४०च्या दशकात तिथे जाळी तरंगती ठेवण्यासाठी ते वापरात आले. विसाव्या शतकात जपानी कोळ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरले, जुन्या बाटल्यांची काच वितळवून फुंकले, आणि जाळ्यांतून सुटलेले गोळे प्रवाहाबरोबर वाहत ऑरेगन, वॉशिंग्टन आणि अलास्काच्या किनाऱ्यांना लागले. एका खोलीत जमैका, कॅन्टन, जपान आणि नॉर्वे. ज्या बेटांचं नाव घेऊन हे सगळं मांडलं होतं ती बेटं तिथे जवळजवळ नव्हतीच.

हे ढोंग नवं नव्हतं. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल १७६८ मध्ये ताहितीला दहाएक दिवस थांबला आणि त्या बेटाला प्रेमदेवतेच्या बेटाचं नाव देऊन निघून गेला. १८९१ साली पॉल गोगँ तिथे पोहोचला तेव्हा त्याला हवा असलेला आदिम स्वर्ग तिथल्या पापेएते शहरात उरलेला नव्हता. मग त्याने मोरेनहूत नावाच्या लेखकाच्या १८३७ सालच्या पुस्तकातून ताहितीच्या दैवतकथा उचलल्या आणि स्वतःच मूर्ती कोरल्या. म्हणजे स्थानिकांनी ज्या मूर्ती पुजणं सोडलं होतं, त्या एका पॅरिसच्या चित्रकाराने पुस्तक वाचून पुन्हा घडवल्या. गोगँची चित्रं मला अतोनात आवडतात. तरीही त्यांच्याकडे पाहताना हे विसरता कामा नये असं मला वाटतं.

डॉनच्या बारमध्ये मात्र एक गोष्ट अस्सल होती, आणि ती गिऱ्हाइकांना दिसत नव्हती. ती म्हणजे दारूचं मिश्रण करणारे हात. हे हात फिलिपिनो होते. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. तिथली तरुण मुलं शेतात, मासळीच्या कारखान्यांत, हॉटेलांत राबायला कॅलिफोर्नियात येत, आणि १९३४ च्या कायद्याने तर त्यांच्या येण्यावर वर्षाला पन्नासची मर्यादा आली. डॉनने अशा तरुणांना हाताशी धरलं. पाककृती चोरीला जाऊ नयेत म्हणून बाटल्यांवर नावांऐवजी आकडे आणि सांकेतिक खुणा असत. हा आकडा इतका, तो मसाला तितका, एवढंच त्यांना ठाऊक असावं अशी योजना. पण रोज रात्री शेकडो पेले तयार करणाऱ्या माणसाला आपण काय ओततोय हे कळल्याशिवाय राहत नाही. रे ब्यूहेन त्यांपैकीच एक. त्यांनी १९६१ साली लॉस एंजलिसमध्ये सनसेट बुलेव्हार्डवर टिकी-टी हा स्वतःचा छोटासा बार काढला, आणि तो त्यांच्या कुटुंबाने पुढे चालवला. मारियानो लिकुदिने डॉनकडे शिकले आणि फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या माय-काय या १९५६ मध्ये उघडलेल्या प्रचंड उपाहारगृहाचे मुख्य बारटेंडर झाले.

आणि डिक सँटियागो. ते डॉनकडे वेटर होते. १९३७ पासूनच्या पाककृती त्यांनी एका छोट्या वहीत टिपून ठेवल्या होत्या, आणि ती वही ते शर्टाच्या खिशात बाळगत. डॉनचं सर्वांत गाजलेलं पेय होतं झॉम्बी. १९३४ चं, इतकं जालीम की एका माणसाला दोनच पेले मिळत. त्याची खरी कृती अनेक दशकं हरवलेली होती. जेफ बेरी या अभ्यासकाने वर्षानुवर्षं तिचा पाठलाग केला. सँटियागोंच्या मुलीने वडिलांची वही त्याला दिली, तरी त्यातला एक घटक सांकेतिक होता. बऱ्याच शोधानंतर कळलं की तो ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक. २००७ मध्ये ती कृती छापली गेली. डॉनच्या नावाने उभ्या राहिलेल्या या सबंध दंतकथेचा भरवशाचा पुरावा एका फिलिपिनो वेटरच्या खिशात सापडला, ही गोष्ट माझ्या मते टिकी बारच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पाटीवर ज्यांची नावं लागली त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. या पुस्तकातल्या सर्वांत दीर्घ कथेचा नायक म्हणूनच एक फिलिपिनो पोऱ्या आहे.

तोवर हे सगळं हॉलिवूडच्या शौकिनांपुरतं होतं. दुसऱ्या महायुद्धाने ते सामान्य अमेरिकी माणसाच्या घरात आणलं. लाखो तरुण पॅसिफिकमध्ये लढायला गेले. परतलेल्यांना आठवायला जे नको होतं त्याच्या जागी दुसरं काही हवं होतं. जेम्स मिचनर यांच्या दक्षिण पॅसिफिकमधल्या कथांचं पुस्तक १९४७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, १९४९ मध्ये त्याची संगीतिका झाली. १९४७ मध्येच थॉर हायरडालने बाल्सा लाकडाचा कोन-टिकी हा तराफा पेरूहून हाकारला आणि १०१ दिवसांनी तो तुआमोतू बेटांतल्या रारोइयाच्या प्रवाळावर आदळला. १९५७ मध्ये मार्टिन डेनीची पक्ष्यांच्या आवाजांनी भरलेली संगीतमुद्रिका आली, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, १९६३ मध्ये डिस्नेलँडमध्ये बोलक्या पोपटांचं टिकी दालन उघडलं. कॅलिफोर्नियाच्या व्हिटियरमध्ये ओशनिक आर्ट्स नावाची कार्यशाळा बारमालकांना मूर्ती, ढोल, चटया आणि माशांचे दिवे पुरवू लागली. लोक घराच्या तळघरात बार मांडू लागले. त्या बारमध्येही मासा आला.

इथे थोडं थांबून माशाकडेच पाहू. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचा वाचक त्याला लगेच ओळखेल. हा केंड, किंवा नेमकं सांगायचं तर केंडाच्या भावकीतला, अंगभर काटे असलेला मासा. केंड आपल्या मच्छीमारांचा वैरी आहे. त्याचे दात जुळून चोच झालेली असते. तिने तो जाळी कातरतो, जाळ्यात सापडलेली मासळी कुरतडतो, आणि विषारी म्हणून स्वतः बाजारात कवडीमोल. संकट आलं की तो भराभर पाणी गिळतो, पोट फुग्यासारखं ताणतं, आणि एरवी अंगाला चिकटून असलेले काटे उभे राहतात. फुगण्याच्या आड येतील अशा बरगड्याच त्याला नाहीत. खवल्यांचेच काटे झालेले असतात. पाण्याबाहेर काढला तर तो हवा गिळून फुगतो. दिव्यासाठी नेमकी हीच अवस्था हवी असते: फुगलेली कातडी तशीच वाळवायची, आतलं काढून टाकायचं, रोगण द्यायचं.

आणि आता खरी बेटं. किरिबाटी, म्हणजे पूर्वीची गिल्बर्ट बेटं, विषुववृत्तावर विखुरलेली. तिथे धातू नाही, मोठी लाकडं नाहीत, दगड म्हणजे प्रवाळ. तिथल्या लोकांनी युद्धासाठी जी सामग्री घडवली ती पाहून माणूस थक्क होतो. नारळाच्या काथ्याचं जाडजूड विणलेलं चिलखत, गळ्यापासून घोट्यापर्यंत. मानेमागून डोक्याच्याही वर जाणारी काथ्याची ढाल. माडाच्या लाकडाला शार्कचे दात ओवून केलेल्या तलवारी. आणि डोक्यावर टोप, तो याच फुगलेल्या काटेरी माशाच्या कातडीचा. त्याला ते बारांताउती म्हणतात. काथ्या तर आपल्याही रोजच्या वापरातला. पण त्याचं असं चिलखत आपल्या किनाऱ्यावर कुणाला सुचलं नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात हे टोप आहेत. अलीकडच्या काळात किरिबाटी वंशाच्या कारागिरांनी असं चिलखत नव्याने विणलं आणि ते केंब्रिजच्या संग्रहालयात ठेवलं गेलं, म्हणजे ही विद्या संपलेली नाही.

हा टोप अमेरिकेला माहीत नव्हता असंही नाही. चार्ल्स विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या सरकारी शोधमोहिमेने १८३८ ते १८४२ या काळात पॅसिफिक पालथा घातला. १८४१ मध्ये मोहिमेचं एक जहाज ताबितेउएआ बेटाला लागलं. तिथे एक खलाशी बेपत्ता झाला. मोहिमेतल्या शस्त्रसज्ज तुकडीने उतिरोआ गाव जाळलं आणि गावातली माणसं मारली. मोहिमेचा चित्रकार आल्फ्रेड अॅगेट याने काथ्याचं चिलखत घातलेल्या तिथल्या योद्ध्यांची चित्रं काढली, आणि मोहिमेचा वृत्तान्त १८४०च्या दशकात छापून प्रसिद्ध झाला. म्हणजे डॉन बीचच्या जन्माच्या किती तरी आधी ही सामग्री अमेरिकेत कागदावर उतरली होती, आणि तिच्या मागे एक जळालेलं गाव होतं.

शंभर वर्षांनी पुन्हा हीच बेटं. तारावा प्रवाळद्वीपातल्या बेतिओ या इवल्याशा बेटावर २० ते २३ नोव्हेंबर १९४३ या काळात जे युद्ध झालं त्यात हजारावर अमेरिकी सैनिक आणि जपानी तुकडीतले कोरियन मजुरांसह साडेचार हजारांहून अधिक लोक मेले. सारं ७६ तासांत. परतलेले सैनिक ज्या बारमध्ये बसले तिथे तारावाच्या योद्ध्यांच्या शिरस्त्राणाचा मासा डोक्यावर पेटलेला होता. त्या बेटांचं दुर्दैव तिथेही संपलं नाही. १९५७-५८ मध्ये ब्रिटनने आणि १९६२ मध्ये अमेरिकेने आज किरिबाटीच्या हद्दीत असलेल्या किरितिमाती बेटाच्या परिसरात अणुचाचण्या केल्या. टिकी बारची भरभराट आणि या चाचण्या एकाच दशकातल्या आहेत. हे वाचून कुणाच्या हातचा पेला खाली राहावा असा माझा आग्रह नाही; पण पॅसिफिक म्हणजे स्वप्नातलं नंदनवन असं अमेरिका ज्या वर्षांत म्हणत होती, त्या वर्षांत ती तिथे काय करत होती हे शेजारी मांडून पाहिलंच पाहिजे.

दिव्याचं मूळ किरिबाटीच्या टोपात आहे असं मात्र मी म्हणत नाही. टोप आणि दिवा यांना जोडणारा धागा इतिहासात नाही. एका कथेत तो मी ओवला आहे, आणि ती कथाच आहे. माशाच्या कातडीत उजेड ठेवण्याची रीत मात्र खरोखर दुसऱ्या एका ठिकाणी सापडते, ती जपानमध्ये. जपानच्या शिमोनोसेकी बंदरात वाळवलेल्या केंडाचे कंदील करतात. तिथली ती जुनी लोककला आहे आणि प्रवाशांना विकायची वस्तूही. हे गाव केंडाच्या मांसासाठी प्रसिद्ध. विषबाधेमुळे तो खाण्यावर बंदी होती, ती पंतप्रधानपद भूषवलेल्या इतो हिरोबुमी यांच्या पुढाकाराने त्या प्रांतात १८८८ मध्ये उठली. आजही परवाना असलेल्या आचाऱ्यालाच तो कापता येतो. जाळ्यातले काचेचे गोळे जपानी, मग मासाही जपानी असेल का, हा प्रश्न या पुस्तकातल्या आणखी एका कथेचं बीज आहे.

त्या विषाची एक विलक्षण गाठ इथे सांगितलीच पाहिजे. हैतीमध्ये मेलेली माणसं उठून झॉम्बी होतात या समजुतीमागे केंडाचं विष असावं असा तर्क वेड डेव्हिस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडला. त्या तर्कावर शास्त्रज्ञांनी जोरदार आक्षेप घेतले, आणि तो वाद निकालात निघालेला नाही. पण पन्नास वर्षं आधी हॉलिवूडमधल्या एका बारवाल्याने आपल्या सर्वांत जालीम पेयाला झॉम्बी हे नाव दिलं होतं, आणि अशा बारमध्ये छताला केंड लटकत होता. यातून काही सिद्ध होत नाही. कथाकाराला मात्र असा योगायोग सोडवत नाही, मलाही सोडवला नाही.

टिकी बार म्हटलं की सर्वांना आधी लाकडी मूर्ती आठवते, मग मी कथांसाठी मासा का निवडला, हा प्रश्न येईल. १९३० च्या दशकातल्या पहिल्या बारमध्ये मूर्तींना एवढं स्थान नव्हतं. जाळी, गोळे, शंख, बांबू हा त्यांचा साज होता. मूर्ती पुढे सरसावल्या त्या १९५०च्या दशकात, आणि मग त्यांचे चिनीमातीचे पेलेही निघाले. मूर्तीबद्दल मी कल्पित कथा लिहिल्या नाहीत कारण त्या कुणाच्या तरी देवाच्या आहेत. माओरी परंपरेत टिकी हा पहिला मानव. हवाईचा कू हा युद्धाचा देव. १८१९ मध्ये तरुण राजा कामेहामेहा दुसरा स्त्रियांच्या पंगतीत बसून जेवला, आणि त्या एका घासाने जुन्या निषेधांची सगळी चौकट मोडली. मंदिरं पाडली गेली, मूर्ती जाळल्या गेल्या. ख्रिस्ती मिशनरी पोहोचले ते त्यानंतर, १८२० मध्ये. कूच्या भव्य मूर्तींपैकी तीनच जगात उरल्या: एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये, एक मॅसॅच्युसेट्सच्या सेलममध्ये, एक ब्रिटिश म्युझियममध्ये. २०१० मध्ये या तिघी होनोलुलूत पुन्हा एकत्र आल्या तेव्हा हवाईच्या लोकांनी त्यांचं विधिपूर्वक स्वागत केलं. रुरुतू बेटाची आआ ही मूर्ती, जिच्या अंगावर तीस इवल्या आकृती आहेत, बेटवासीयांनी १८२१ मध्ये मिशनऱ्यांच्या हवाली केली. तीही आता लंडनमध्ये आहे, आणि तिची एक प्रत पिकासोने आपल्या घरात ठेवली होती. जो देव जाळला गेला, ज्याच्या उरलेल्या मूर्ती परदेशी कपाटांत गेल्या, त्याच्या डोक्यात छिद्र पाडून नळीने रम ओढायची, हे मला मान्य नाही. पॅसिफिकमधल्या लेखक-कलावंतांनी ही तक्रार स्पष्ट शब्दांत केली आहे, आणि ती रास्त आहे. गणपतीच्या आकाराचा दारूचा पेला कुणी विकायला काढला तर आपल्याला काय वाटेल, एवढं मनात आणलं तरी पुरे.

मासा कुणाचा देव नाही. तो टोप होता, कंदील होता, कोळ्याच्या जाळ्याचा शत्रू होता. त्याच्याभोवती कथा रचताना कुणाच्या श्रद्धेत हात घालावा लागत नाही. तरीही मी काही बंधनं घालून घेतली. कुठल्याही खऱ्या समाजाच्या नावावर खोटा विधी चढवलेला नाही. कुठल्याही बेटाचा राजा कल्पनेने निर्माण केलेला नाही. किरिबाटीची कथा आहे ती टोप वाळवणाऱ्या एका बाईची, आणि ती गोऱ्या माणसाला टोप देत नाही. कोकणातली एक कथा आहे, मालवणच्या किनाऱ्यावरची: जाळं फाडणाऱ्या केंडाचा राग म्हणून एक गाबीत पोरगा तो फुगवून वाळवतो आणि त्यात मेणबत्ती लावतो. अमेरिकेतल्या दिव्याशी तिचा संबंध काहीच नाही. तीच कल्पना दोन किनाऱ्यांवर दोन माणसांना आपापली सुचू शकते, एवढंच मला तिथे म्हणायचं आहे.

टोंगन वंशाचे विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ मधल्या एका निबंधात मांडलं की पॅसिफिककडे दूर समुद्रातली सुटी बेटं म्हणून पाहणं ही बाहेरच्यांची नजर आहे. तिथल्या माणसांसाठी तो बेटांनी भरलेला, जोडलेला समुद्र आहे. टिकी बारच्या मागचा इतिहास वाचताना मला हे पदोपदी पटत गेलं. फिलिपिनो बारटेंडर, जपानी कोळी, चिनी आचारी, किरिबाटीचे विणकर हे सगळे त्याच समुद्राच्या काठांवरचे. हॉलिवूडच्या त्या खोलीत त्यांच्या वस्तू आणि त्यांचे हात एकत्र आले, पण त्यांच्या जोडणीची गोष्ट कुणी सांगितली नाही. तिथे बूगँव्हिलचीच जुनी गोष्ट पुन्हा सांगितली गेली. २०१४ मध्ये पॅरिसच्या के ब्राँली संग्रहालयाने टिकी बारच्या संस्कृतीचं मोठं प्रदर्शन भरवलं. जिथे पॅसिफिकची खरी शिल्पं जपली आहेत तिथेच त्यांच्या अमेरिकी नकला मांडल्या गेल्या. मला हे योग्य वाटतं. नक्कल अस्सलाशेजारी ठेवली की दोघांचाही इतिहास नीट दिसतो, आणि या पुस्तकात प्रस्तावना आणि कथा शेजारी ठेवण्यामागेही तोच हेतू आहे.

कथा कुठल्याही क्रमाने वाचल्या तरी चालतील. वाचकांना माझी एकच विनंती आहे. पहिली कथा उघडण्याआधी ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातल्या किरिबाटीच्या माशाच्या टोपाचं छायाचित्र शोधून बघा. ते सहज मिळतं. आणि कधी अशा दिव्याखाली बसायची वेळ आली तर बारवाल्याला त्या दिव्याची गोष्ट विचारण्याआधी, तुमचा पेला कुणी बनवला त्याचं नाव विचारा.